मोडेन, पण वाकणार नाही

बाणेदारपणावर निबंध लिहायला सांगितला की वर्गातल्या चाळीस मुलांपैकी निदान तीस मुले एकाच वाक्याने शेवट करतात : मोडेन, पण वाकणार नाही. त्या वाक्याखाली लाल शाईने 'छान' असे लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली. वाकणे म्हणजे लाचारी आणि मोडणे म्हणजे पराक्रम, हा हिशेब आपल्या मनात इतका पक्का बसलेला आहे की त्याबद्दल कोणी शंका घेईल असे मला कधी वाटले नव्हते. ती शंका गेल्या दिवाळीत आमच्या गावातल्या एका सायकल दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने घेतली, आणि तीही एका मोडक्या चाकावरून.

त्याचे असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी भाऊबीजेला गावी आला होता. डोंगरवाटांवरून सायकल पिटाळण्याचा त्याला नाद. आला तो डावा हात प्लास्टरमध्ये घालून, आणि उजव्या हातात सायकलचे पुढचे चाक घेऊन. चाक काळे कुळकुळीत आणि उचलले तर सुपासारखे हलके. पण रिम एका जागी चक्क तुटली होती आणि तुटलेल्या कडेतून बारीक काळे तंतू बाहेर आले होते. आमच्या शाळेसमोर चाळीस वर्षे दुकान चालवणाऱ्या नानांना ते दाखवायला तो गेला, तेव्हा मी बरोबर होतो.

नानांनी रिमेवर नख वाजवून पाहिले. "हे प्लास्टिक म्हणायचं का रे?"

"कार्बन आहे, नाना. कार्बनचे धागे आणि ते चिकटवायला डिंकासारखं एक रसायन."

"आउट निघेल?"

"नाही हो. हे वाकतच नाही, मग आउट कसला काढणार?"

"मग गेलं कसं?"

मुलाने सांगितले, आधीच्या रविवारी उतारावर चाक दगडावर आपटले होते. त्याने थांबून पाहिले, तर कुठे चीर नाही, पोचा नाही. पुढच्या रविवारी तो तसाच निघाला, आणि एका साध्या खाचेत चाकाने दगा दिला.

नाना म्हणाले, "वाकणारं चाक सांगून जातं, बाबा. ब्रेकला घासतं, कुरकुरतं, लळत चालतं. हे न सांगता गेलं."

त्या एका वाक्याने मला चाकांच्या इतिहासाकडे वळवले. चाक किती टिकते याचा इतिहास म्हणजे ते किती मजबूत आहे याचा इतिहास, अशी माझी समजूत होती. पुस्तके चाळली तेव्हा ध्यानात आले की तो इतिहास फार करून चाक कसे मोडते याचा आहे.

कार्बनच्या चाकाला 'कॉम्पोझिट' म्हणजे संमिश्र म्हणतात. दोन निरनिराळे पदार्थ एकत्र आणायचे आणि एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढायचे, एवढाच त्याचा अर्थ. ही कल्पना नवी नाही. आपल्या बैलगाडीचे चाक घ्या. लाकडी तुंबा, लाकडी आरे, परिघाला लाकडाचे जोडलेले तुकडे, आणि या सर्वांवर लोखंडी धाव. लोहार धाव तापवून लालबुंद करतो, ती चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. लोखंड आकसते आणि साऱ्या लाकडाला मिठीत आवळून धरते. लाकूड धक्का सोसते, लोखंड झीज सोसते. सुताराचा आणि लोहाराचा हा संसार हजारो वर्षे टिकला.

१८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल ड्राइस याने दोन चाकांचे एक यंत्र रस्त्यावर आणले. त्याला पायट्या नव्हत्या. वर बसून पायांनी जमीन मागे ढकलायची, एवढेच. सायकलचा हा मूळ पुरुष. त्याची चाके लाकडी होती आणि त्यांवर लोखंडी पट्टी होती. आपल्या गाडीच्या चाकाची जणू धाकटी भावंडेच. पुढे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यात पुढच्या चाकाला पायट्या बसल्या. चाके मात्र त्याच घराण्यातली राहिली. इंग्रजांनी त्या वाहनाला जे टोपणनाव दिले त्याचा अर्थ 'हाडे खिळखिळी करणारी'. चाक टिकत होते, पण वर बसणारा टिकत नव्हता.

येथे चाकाच्या कहाणीत पहिले मोठे वळण येते. लाकडी आरा हा खांबासारखा असतो. ओझे वरून येते आणि तळचा आरा ते पेलतो. खांब जाड असावा लागतो, म्हणून चाक जड होते. जॉर्ज केली नावाच्या इंग्रज संशोधकाला उडणाऱ्या यंत्राचा ध्यास होता आणि त्यासाठी हलके चाक हवे होते. त्याने १८०८ सालीच कल्पना मांडली की खांबांऐवजी ताणलेल्या दोऱ्या वापराव्यात. ती कल्पना सायकलवर आणली पॅरिसच्या यूजीन मेयर याने. १८६९ साली त्याने तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी तारांच्या चाकांची 'एरियल' सायकल काढली. १८७४ साली स्टार्लीने तारा हबच्या मध्यातून सरळ न नेता तिरप्या, एकमेकींना छेद देत नेल्या, म्हणजे पायटा मारताना येणारा पीळ त्या सोसू शकतील. आज शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या कोणत्याही सायकलकडे पाहा, तिच्या तारा बहुधा त्याच वळणाने गेलेल्या दिसतील.

बारीकशी तार ओझे कसे पेलते? तार ढकलू शकत नाही, ती फक्त ओढू शकते. म्हणून चाक बांधतानाच साऱ्या तारा ताणून ठेवतात. ओझे आले की तळच्या तारांचा ताण थोडा उतरतो. तो पूर्ण संपत नाही तोवर चाक शाबूत असते. एक तार ढिली झाली तर शेजारणी तिचा भार वाटून घेतात, चाक थोडे लळते, आणि नानांसारखा माणूस पाना घेऊन ते पुन्हा सरळ करतो. 'आउट काढणे' म्हणतात ते हेच. तारेच्या चाकाची खरी थोरवी त्याच्या हलकेपणापेक्षा या दुरुस्त होण्यात आहे, असे मला वाटते.

१८८८ साली बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर केला, आणि चाकाला उशी मिळाली. त्यानंतर रिमेचे काम बदलले. शर्यतीच्या सायकलींना कित्येक वर्षे लाकडी रिमा असत. लाकडाच्या पट्ट्या वाफेने वाकवून त्या चिकटवायच्या आणि त्यांवर टायर डिंकाने बसवायचा. लाकूड हलके आणि धक्का पिणारे; शर्यतवाले त्याला सोडायला तयार नव्हते. १९३४ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत आंतोनिन मान्य हा स्वार ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमांवर धावला आणि जिंकला. त्या रिमा ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांना लाकडासारखा रंग दिला होता, अशी हकिकत सांगतात. नव्या पदार्थाला जुन्याचे सोंग घेऊन दरबारात यावे लागले!

आता आपण कॅलिफोर्नियात जाऊ, कारण डोंगरातल्या सायकलीचा जन्म तेथला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगणा आहे आणि तेथे टॅमलपायस नावाचा डोंगर. १९७० च्या दशकात तेथली काही तरुण मंडळी भंगारातून १९३० आणि ४० च्या दशकांतल्या जुन्या, जाडजूड टायरांच्या सायकली गोळा करीत आणि डोंगरवाटांनी खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे साडेतीन किलोमीटरांत चारशे मीटरांचा उतार! सायकलींना मागच्या हबमध्ये बसवलेला, पायटे उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. तळाशी पोचेपर्यंत हब इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच त्या शर्यतीला 'रीपॅक' हे नाव पडले. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही नावे तेथून पुढे आली. त्यातल्या ब्रीझने १९७७ साली खास डोंगरासाठी नवी सायकल घडवली.

त्या जुन्या सायकलींच्या रिमा पोलादी होत्या. आपटल्या की वाकायच्या. ठोकून सरळ केल्या की पुन्हा डोंगरावर हजर. त्या टिकत, परंतु फार जड होत्या. पुढे ॲल्युमिनियमच्या रिमा आल्या. पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश घनतेचा हा धातू डोंगरी सायकलीला मानवला. १९९० साली कोलोरॅडोतल्या ड्युरँगो येथे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची या खेळातली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. शर्यत मोठी झाली तशी प्रत्येक ग्रॅमची मोजदाद सुरू झाली, आणि लोकांची नजर संमिश्र पदार्थांकडे वळली.

कार्बनच्या धाग्याची जन्मकथा तीन देशांत घडली. १९५८ साली अमेरिकेत ओहायो राज्यात रॉजर बेकन यांना प्रयोगशाळेत अतिशय बळकट असे कार्बनचे तंतू मिळाले. १९६१ च्या सुमारास जपानात ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कार्बनचे तंतू काढण्याची वाट दाखवली. त्यानंतर इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात विल्यम वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धागा खूपच बळकट केला. केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक हा तंतू ओढला तर पोलादाला लाजवतो. परंतु त्याचे बळ केवळ त्याच्या लांबीच्या दिशेत असते. आडव्या घावाला उत्तर द्यायचे ते भोवतालच्या एपॉक्सीने, आणि ती बिचारी तेवढी बलवान नसते.

याचा मोठा धडा आकाशात मिळाला. रोल्स-रॉइस कंपनीने आरबी २११ या विमान-इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती कार्बनच्या धाग्यांची केली होती. १९७० साली पक्ष्याची धडक बसल्यास काय होईल याची परीक्षा घेतली, तेव्हा ती पाती टिकली नाहीत. शेवटी टायटॅनियमची पाती बसवावी लागली. या इंजिनाच्या वाढत्या खर्चाच्या ओझ्याने फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. ओढ सोसणारा पदार्थ आडवी धडक सोसेलच असे नाही, हे त्या दिवशी साऱ्या जगाला कळले. आणि डोंगरवाटेवरच्या चाकाच्या नशिबी तर पावलोपावली आडवी धडकच असते.

म्हणूनच डोंगरी सायकलीच्या वाटेवर संमिश्र चाके दबकत दबकत आली. मुलांच्या उड्या मारण्याच्या सायकलींसाठी कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकातच काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची एकसंध चाके निघाली होती. ती दणकट होती, पण जड. १९९० च्या सुमारास जॉन टोमॅक हा नामवंत अमेरिकन स्वार मागे एक नवलाचे चाक लावून शर्यतीत उतरे. त्यात पोलादी तारांऐवजी केव्हलार या कृत्रिम धाग्याचे ताणलेले जाळे तबकडीत बसवलेले होते. खडबडीत वाटेवर ते ढोलासारखे वाजे. चाक गाजले, पण घराघरांत गेले नाही. तारेचे चाक कोणत्याही गावात दुरुस्त होते. असल्या चाकाला गावोगाव नाना कुठून मिळणार?

शेवटी जी तडजोड टिकली ती साधी होती : तारा पोलादाच्याच ठेवायच्या, हब धातूचाच, आणि फक्त रिम कार्बनची. याला डिस्क ब्रेकने वाट करून दिली. पूर्वी ब्रेकचे रबर रिमेलाच घासे. लांब उतारावर रिम तापे, आणि तापलेली एपॉक्सी मऊ पडून धाग्यांचे थर सुटण्याची भीती असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून डोंगरी सायकलींवर हबजवळच्या वेगळ्या तबकडीला धरणारे ब्रेक पसरले आणि रिमेची त्या तापातून सुटका झाली.

कार्बनची रिम कशी होते? एपॉक्सी लावलेल्या धाग्यांच्या पट्ट्या ठरावीक आकारांत कापतात आणि साच्यात एकावर एक बसवतात. धागे एकाच दिशेने ठेवून चालत नाही. काही परिघाच्या दिशेने, काही तिरपे, काही आडवे. पानगी थापावी तसे हे काम हाताने होते, आणि एक पट्टी चुकीच्या कोनात बसली तरी रिम कमजोर होते. मग आतून दाब देऊन साचा तापवतात. तारेसाठी भोके पाडायची तर धागे कापले जातात. म्हणून अमेरिकेतल्या यूटाह राज्यातल्या एन्व्ह कंपनीने भोके साच्यातच घडवण्याची पद्धत धरली, म्हणजे धागे भोकाला वळसा घालून जातात. पाण्याने खडकाला वळसा घालावा तसे.

अशी रिम ओझ्याला आणि पिळाला धातूपेक्षा ताठ उभी राहते, आणि रोजच्या हजारो लहान धक्क्यांनी धातूला येतो तसा थकवाही तिला फारसा येत नाही. ॲल्युमिनियमची रिम पोचे घेत घेत, तारांच्या भोकांपाशी बारीक चिरा पाडत म्हातारी होते. कार्बनचे दुखणे वेगळे. टायर दबून दगडाचा टोला थेट कडेवर बसला की वरून काही न दिसता आतले पापुद्रे एकमेकांपासून सुटू शकतात. माझ्या विद्यार्थ्याच्या चाकाचे बहुधा तेच झाले असावे.

या दुखण्यावर कारखानदारांनी जे उपाय केले ते पाहण्यासारखे आहेत. पहिला म्हणजे मोडून पाहणे. वजने टाकून, खडकांवर आपटून, नामवंत स्वारांना देऊन रिमा मुद्दाम मोडल्या आणि मोडल्या त्या जागी थर बदलले. सायकलच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकात २०१४ साली चाके आणि रिमा यांच्या चाचण्यांचा स्वतंत्र भाग आला. दुसरा उपाय शब्दाचा. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ कंपनीने आपल्या कार्बन रिमांना पहिल्या मालकाच्या हयातभराची हमी दिली. इतरही कित्येक कंपन्या त्या वाटेने गेल्या. जे दुरुस्त करता येत नाही ते बदलून देण्याचे वचन द्यावे लागले, असाच त्याचा अर्थ. बदललेले चाक हमीत मिळते. मोडलेले मनगट मात्र हमीत बसत नाही.

तिसरा उपाय मला सर्वांत बोलका वाटला. ताठपणाचा डंका वाजवून झाल्यावर २०१९ साली झिप या अमेरिकन कंपनीने अशी कार्बन रिम काढली की जी दगडावर येताच घोट्यासारखी थोडी कलते आणि पुन्हा सरळ होते. दुहेरी भिंतीची पोकळ रिम सोडून एकेरी, रुंद पट्टीसारखी रिम घेतली, ती याचसाठी. २०२० साली यूटाहमध्येच घडवलेल्या काही रिमांमध्ये एपॉक्सीच्या जागी नायलॉनच्या जातीचा, तापवला की पुन्हा मऊ होणारा पदार्थ आला. तो धक्का अधिक पितो, आणि मोडलेल्या रिमेचे तुकडे करून पुन्हा वापरताही येतात. मुलांच्या सायकलींचे नायलॉन असे पन्नास वर्षांनी थोरल्यांच्या चाकात परतले. आणि डोंगर उतरण्याच्या सर्वांत अवघड शर्यतींत आजही कित्येक नामवंत स्वार ॲल्युमिनियमच्या रिमाच पसंत करतात. कारण काय? वाकलेल्या चाकावर निदान शेवटच्या रेषेपर्यंत पोचता येते.

हे सारे मी नानांना सांगितले. पुस्तकातून काही नवे मिळाले की ते ऐकायला मला नाना लागतात. त्यांनी सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुचकळत सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आतून सुटलंय की नाही, हे त्या पोराला कळायचं कसं?"

मी म्हटले, "त्यालाही उपाय आहे, नाना. नाण्याने रिम सगळीकडून वाजवून पाहायची. चांगली असेल तिथे खणखणीत वाजते, थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो. शंका आली की जाणत्याला दाखवायची, आणि तोवर त्या चाकावर बसायचे नाही."

नाना हसले. "म्हणजे मडकं वाजवून घेतात तसं! एवढं शिकून सवरून आलात ते कुंभाराच्याच दारात."

त्या मुलाचे प्लास्टर निघाले आहे. त्याने पुन्हा कार्बनचेच चाक घेतले. या वयात हलकेपणाचा मोह सुटत नाही, आणि सुटावा असेही मी म्हणणार नाही. मात्र प्रत्येक फेरीनंतर तो अंगणात चाक उभे धरतो आणि रुपयाचे नाणे घेऊन सबंध रिम वाजवतो, असे त्याच्या आईने मला सांगितले. तिलाही आता खणखणीत कोणता आणि बद्द कोणता हे कळू लागले आहे.

शाळा उघडल्यावर निबंधाच्या वह्या पुन्हा येतील आणि शेवटी तेच वाक्य असेल. 'छान' मी लिहीनच, कारण मुलाने मनापासून लिहिलेले असते. पण या वर्षी त्याखाली आणखी एक ओळ लिहिण्याचा विचार आहे : आधी थोडे वाजवून पाहा.